बिननावाचा रेडिओ

आमच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. वडील गेल्यावर तो दुरुस्त करून घ्यावासा वाटला, म्हणून मागचा पुठ्ठा काढून आत एखादा छाप दिसतो का ते मी शोधत होतो. राहायला आलेली आत्या शेजारी येऊन बसली आणि सहज म्हणाली, "नाव कुठून सापडणार? मीच जोडलाय तो."

मला थट्टा वाटली. तिने आत वाकून तारेच्या एका सांध्यावर बोट ठेवलं. "इथला कथलाचा डाग जरा जाडच बसला माझ्याकडून. दादा सुटे भाग आणून द्यायचा, मी जोडायची."

"मग पुढे?"

"पुढे लग्न झालं."

सासरी रेडिओ होता, पण तो उघडायची तिला कधी मुभा मिळाली नाही. तिचा दादा म्हणजे माझे वडील. त्यांनी हा रेडिओ कुणाला विकू दिला नाही. का, ते मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. घरातल्या किती वस्तूंमागे असे हात असतील, आणि ते हात नंतर आयुष्यभर नुसत्या पोळ्या लाटत राहिले असतील!

"लाव ना जरा," आत्या म्हणाली.

मी बटण फिरवलं. हळूहळू व्हॉल्व्ह तांबूस उजळले. आवाज मात्र नुसत्या खरखरीचा.

"स्टेशन लागत नाही गं. बंद करू?"

आत्याने दोन्ही तळवे त्या उजेडाजवळ धरले होते.

"राहू दे रे," ती म्हणाली, "आत्ता कुठे तापतोय."