नवरदेवाच्या गाडीचं नाक

"गवई, लाल लाइट लागला! थर्मामीटरवानी काहीतरी दिसून राह्यलं. आता काय करू?"

फोनवर तायडे सर होते. त्यांच्यामागे गाडीतले सगळे एकदमच बोलत होते. मी खामगावच्या वर्कशॉपमध्ये माझ्या टेबलाशी बसले होते.

"सर, गाडी चालू आहे की थांबलीय?"

"चालू आहे. बोथ्याचा घाट चढून राह्यलो. जावई चालवून राह्यले. बाराची वेळ आहे, गवई!"

बाराची वेळ होती ती सरांच्या मुलाच्या लग्नाची, बुलढाण्याला. आम्हा बौद्धांच्या लग्नात मुहूर्त पाहत नाहीत. पण पत्रिकेत छापलेली वेळ तरी पाळा, असं सर आजवर प्रत्येक मंडपात माइक हातात घेऊन सांगत आले. जानेफळच्या शाळेत ते मला शिकवायला होते. घंटेनंतर येणाऱ्याला ते व्हरांड्यात उभं करायचे. आमचं घर मळ्यात, गावापासून लांब. माझं निम्मं शिक्षण व्हरांड्यातच झालं म्हणा ना. असे सर स्वतःच्याच पोराच्या लग्नात उशिरा पोचले, तर अख्खा मंडप त्यांच्यावर हसणार.

आणि दुसरी गोष्ट. आदल्याच दिवशी त्या गाडीची सर्व्हिसिंग आमच्याकडे झाली होती. मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. म्हणजे गाडीवाला आणि मेकॅनिक यांच्यामधली दुभाषी. काम नीट झालं तर मेकॅनिक हुशार, बिघडलं तर मॅडम जबाबदार.

डॅशबोर्डवरचे लाइट समजायला फार अक्कल लागत नाही, चौकातल्या सिग्नलसारखंच असतं ते. हिरवा किंवा निळा म्हणजे नुसती माहिती. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. लाल म्हणजे थांबा. पण आपल्या लोकांना लाल लाइट दिसला की आधी गावातला जाणता माणूस आठवतो, मग ब्रेक.

"सर, आधी एसी बंद करा. काचा खाली घ्या आणि हीटर फुल सोडा."

"हीटर? मे महिन्यात?"

"हाव सर. इंजिनची गरमी तेवढी आत ओढली जाते. सपाट जागा दिसली की बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा."

"अवं, नवरदेव पांढऱ्या सुटात आहे!"

"भिजलेला नवरदेव वाळतो, सर. जळालेलं इंजिन वाळत नाही."

गाडी थांबली. इंजिन बंद झालं. तेवढ्यात जावयांचा आवाज आला, "मी रेडिएटरचं झाकण उघडून थंडं पाणी टाकतो, मामाजी."

"हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की आमच्याकडचे मेकॅनिक पाने खाली ठेवून बघायला लागले. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत उकळत असतं. झाकण उघडायचं म्हणजे वाफ न गेलेला कुकर तोंडाशी धरून उघडायचा. जावयावर ओरडू नये म्हणतात. पण माझा तो जावई नव्हता.

ओरडणं ऐकून आमचे मॅनेजर साहेब केबिनमधून बाहेर आले. "काय झालं मॅडम? तायडे सरांची गाडी? काल कूलंट आपणच बदललं ना? पाइपचा क्लॅम्प ढिला राह्यला असन तर काही खरं नाही बरं."

खोटं कशाला सांगू, मलाही आधी पाइप आवळणारा तो क्लॅम्पच आठवला होता.

"सर, गाडीखाली ओलं दिसतं का?" मी फोनवर विचारलं.

"कोरडं ठण्ण आहे."

"वाफ नसेल तर बॉनेट उघडा. पांढऱ्या टाकीत पाणी बाहेरूनच पाहा. दोन रेघांच्या मधे आहे?"

"आहे."

"पंखा फिरतोय?"

"घुं घुं करून राह्यला."

पाणी होतं, गळती नव्हती, पंखाही फिरत होता. मग इंजिन तापलं कशानं? मला काही सुचेना. "बॉनेट लावून घ्या आणि गाडीचा समोरून फोटो पाठवा," म्हटलं. घाटात रेंज येत-जात होती. पहिला फोटो आला त्यात जावई कमरेवर हात ठेवून उभे, गाडी त्यांच्यामागे. दुसरा आला आणि मी कपाळावर हात मारला. गाडीच्या तोंडावर शेवंतीची जाड चादर, आणि तिच्यावर नवरानवरीच्या नावांचा भलामोठा थर्माकोलचा बोर्ड. जिथून रेडिएटरला वारा मिळतो ती जाळी टिचभरसुद्धा उघडी नव्हती. पंखा बिचारा ओढणार काय? फुलं?

फोटो साहेबांपुढे धरला. त्यांनी पाहिला, "म्हणजे आपला क्लॅम्प नाही," म्हणाले आणि चहा मागवला.

"सर, गाडीचं नाक दाबलंय. तो बोर्ड आणि फुलं काढा."

आता फोनवर नवरदेवाची आत्या आली. "काऊन काढाव? नवरदेवाची गाडी अशी उघडी न्यावं का? रात्रभर जागून लावलं मी ते!"

"मग मागच्या काचेखाली, डिकीवर लावा ना आत्या. मंडपात लोक मागूनही बघतात."

आत्या पुटपुटत का होईना, कामाला लागली. फोन परत सरांकडे आला.

"गवई, आता निघू?"

"नाही सर. थांबा. इंजिन थंड होऊ द्या."

"पण वेळ..."

"थांबा, सर."

मग सर हळूच म्हणाले, "तू मले व्हरांड्यात उभं करून राह्यली व."

मला हसू आवरेना. सरही हसत होते. इतक्या वर्षांत त्यांचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला फार बरं वाटलं.

लाइट गेल्यावर गाडी बिनाएसीची, हळूहळू घाट चढली. सर मंडपात उशिराच पोचले. त्यांनी आधी माइक मागितला आणि सगळ्यांची माफी मागितली. मग लाल, पिवळा, हिरवा असा पूर्ण पाठ घेतला. लग्न त्यामुळे आणखी लांबलं, हे मला नवरदेवानेच नंतर सांगितलं. गाडी आम्ही दुसऱ्या दिवशी तपासली. इंजिन शाबूत होतं, क्लॅम्पही घट्ट होता.

धडा म्हणाल तर एवढाच, की गाडी तापली तर नेहमी बिघाडच असतो असं नाही, कधी हौसही असते. आता लग्नसराईत सजावटवाले गाडी घेऊन आधी आमच्या दारात येतात. "मॅडम, फुलं कुठवर लावू?" मी बॉनेटच्या कडेला बोट टेकवते. इथून वर नवरदेवाचं, इथून खाली इंजिनाचं.