नुसती लिंक

न्हावऱ्याच्या मारुतरावांना स्वतःच्याच मरणाची बातमी सकाळी साडेदहाला कळली. ते गोठ्याच्या दारात उभे होते, हातात शेणाचं घमेलं होतं.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या कांदेवाल्यांचा व्हॉट्सॲपवर चर्चेचा एक गट आहे. तो राहूचा नवनाथ चालवतो. त्यानंच सकाळी एक लिंक टाकली. वर ना ओळ, ना अक्षर. लिंकेबरोबर एक चौकोनी चित्र तेवढं आलं: मारुतरावांचा चेहरा आणि भोवती पांढरीशुभ्र फुलं. ती त्यांच्याच रानातली, बियाण्याला लावलेल्या कांद्याची फुलं. फाल्गुनात ती गोल गोंड्यांनी फुलतात आणि रान दुधानं भरल्यासारखं दिसतं. एका चॅनेलवाल्यांनी त्या रानात उभं करून मारुतरावांची मुलाखत घेतली होती. पण लिंक उघडली कुणी? फुलांतला म्हातारा बघून पहिल्यानं लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. दुसऱ्यानं हात जोडले. मग एकाचं बघून दुसरा, असे त्र्याहत्तर जण लिहून गेले.

मारुतरावांनी घमेलं खाली ठेवलं, चष्मा लावला आणि सगळं वाचलं. बाजारात तोंड फिरवणाऱ्यानंही 'देवमाणूस गेला' असं लिहिलं होतं. त्यांना ना राग आला, ना हसू. दात काढायच्या आधी सुई दिली की जबडा आपला राहत नाही, तसं त्यांचं दोन वर्षांपासून झालं होतं. बायको गेली, सखूबाई, तेव्हापासून. भूक लागली की जेवायचं, उजाडलं की उठायचं. चव नाही, दुखणं नाही.

तेवढ्यात नवनाथचा फोन आला.

"आप्पा, चुकलं माझं. लिंक टाकली आन् दुधाला गेलो. पर असं खोटं उठलं की माणसाचं आयुष्य वाढतं म्हंत्यात."

"वाढवून काय करू?" मारुतराव म्हणाले.

नवनाथ हसायला लागला आणि मध्येच थांबला. "गटावर लिहितो आत्ता. लिंक टाकायची तर वर दोन ओळी लिहायच्या. कशाची हाय, कुणाची हाय, कवाची हाय. आन् उघडून बघितल्याबिगर खाली कुणी काय लिहायचं न्हाई."

"लिही," म्हणून त्यांनी फोन ठेवला, घमेलं उचललं आणि उकिरड्याकडे निघाले. तर रस्त्यानं त्यांची थोरली बहीण येताना दिसली. सोजराबाई. मांडवगणाला दिलेली. पदर अर्धा सुटलेला, पायात दोन जोडांच्या दोन चपला. एसटीतून उतरून नाक्यापासून ती तशीच चालत आली होती. भावाला बघून ती जागच्या जागी थांबली.

"हायस?"

"हाय."

ती ओट्यावर बसली. मग घमेल्याकडे बघून म्हणाली, "मेलेल्या माणसाला काम बरं सुचतंय."

ते 'हायस?' सोडलं तर दोन वर्षांत बहिणीनं भावाशी बोललेले हे पहिले शब्द होते.

झालं होतं असं. आमच्याकडं घरात कुणी गेलं की जवळच्यांना माणूस धाडून सांगतात. फोन आले तसं माणूस धाडणं सुटलं, पण तोंडानं सांगणं सुटलं नाही. सखूबाई गेली त्या सकाळी तालुक्याच्या एका बातमीवाल्यानं तिच्या फोटोची श्रद्धांजली कुठंतरी लावली, आणि मारुतरावांनी ती लिंक पाव्हण्यांच्या गटावर ढकलली. वर एक अक्षर लिहिलं नाही. लिहायला बोट उचललं नाही म्हणा. सोजराबाईच्या सुनेनं, मोनालीनं, ती बघितली; पण दिवसाला वीस लिंका येतात, औषधांच्या, साड्यांच्या, त्यातलीच एक समजून पुढं गेली. सोजराबाईला दुसऱ्या दिवशी गिरणीत कळलं. तोवर राख गार झाली होती.

ती आलीच नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. सुतक धरलं नाही, मयताची आंघोळही केली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला निरोप न्हाई. माझी भावजय न्हावऱ्यात हाय."

आता ती ओट्यावर बसली होती. मारुतरावांनी तांब्या दिला. तिनं पाणी प्यायलं नाही, तांब्या बाजूला ठेवला.

"मोनालीनं कांद्याच्या गटावरचं आज लगोलग वाचून दाखवलं. मागचं ध्यानात हुतं तिच्या."

"त्या पोरानं नुसती लिंक टाकली, आक्का. वर काय लिहिलंच न्हाई."

"आन् तू काय लिहिलं हुतंस?"

म्हशीनं शेपटी हलवली, माश्या उठल्या आणि परत बसल्या.

"सांग," सोजराबाई म्हणाली. "आता तोंडानं सांग. मी त्यापायी बसलीया."

"आता काय सांगू? दोन वर्सं झाली."

"मला न्हाई झाली."

ते तिच्या समोर, खाली मातीत बसले. आवाज एसटीची पाटी वाचावी तसा निघाला.

"आक्का, सखू गेली."

"कवा?"

"मंगळवारी. पहाटं."

"काय झालं तिला?"

"छातीत दुखाया लागलं. शिरूरला नेईस्तवर गेली."

"काय म्हणली?"

"म्हशीचं दूध काढायचं ऱ्हायलंय म्हणली."

"तोंड कसं हुतं?"

"झोपल्यागत."

सोजराबाईनं पदर डोक्यावरून नीट घेतला. "पाणी काढ," ती म्हणाली. "तापवू नगंस."

त्यांनी हौदातून दोन बादल्या भरल्या आणि न्हाणीत नेऊन ठेवल्या. ती लुगड्यासकट बसली आणि पहिला तांब्या डोक्यावर घेतला. दुसऱ्या तांब्याला तिचा हंबरडा फुटला. शेजारच्या बाया धावत आल्या, आता कोण गेलं म्हणून विचारायला लागल्या.

"सखू," मारुतराव म्हणाले.

बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. ते न्हाणीच्या दाराशी टॉवेल घेऊन उभे होते. आत बहीण भावजयीचं नाव घेऊन रडत होती. दाराखालून वाहत आलेलं पाणी त्यांच्या पावलांना लागलं. गार होतं. पाय न काढता ते तसेच उभे राहिले.