सपत्नीक सत्कार

सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळाला सत्कार करायचं व्यसन होतं. कोणाला पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवास मिळाला, सत्कार. कोणी सेंगकांगला फ्लॅट घेतला, सत्कार. त्या वर्षी शिवजयंतीला अध्यक्षांना खराखुरा शूरवीर हवा होता आणि आम्ही सगळे बँकेत नाहीतर अकाउंट्समध्ये. आमचं शौर्य म्हणजे बॉससमोर रजा मागणं.

शूरवीर निघाला माझ्याच घरात. क्लेमेंटीत मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होतो ते घरमालक श्रीलंकेचे, सिंहली. बायको जाफन्याची तमिळ. दोघांची गाठ सिंगापुरातच पडलेली, त्यामुळे घरात बोलणं इंग्रजीत. सैन्यात मी फक्त कोठार सांभाळायचो, असं त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं. एकदा ती देवळात गेली असताना अध्यक्ष माझ्याकडे टपकले. दोन पेग झाल्यावर घरमालकांनी तिकडच्या यादवीत मिळालेलं शौर्यपदक काढून दाखवलं, सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाले, "बायकोला कळता कामा नये."

अध्यक्षांनी पदकापर्यंतच ऐकलं. मी पुन्हा पुन्हा बजावलं, तर म्हणे, "अरे, कुठल्या बायकोला अभिमान वाटणार नाही?" या माणसाचा मला अजून राग येतो.

घरमालकांना जेवायला म्हणून बोलावलं. आमच्यात सत्कार सपत्नीकच करायचा, त्यामुळे तीही आली, छान रेशमी साडी नेसून. काही कळायच्या आत त्यांच्या डोक्यावर फेटा चढला, अंगावर शाल पडली. फेटा मोठा झाला होता, कानांवर उतरत होता. एका काकूंनी तिची खणा-नारळाने ओटी भरली. मग अध्यक्षांनी माईकवर गावाच्या नावासकट सगळं इंग्रजीत वाचलं. ठाणं कसं राखलं, समोरचे कसे पडले. टाळ्यांनी हॉल दणाणला.

मी पहिल्याच रांगेत होतो. टाळ्या थांबेपर्यंत ती हसऱ्या चेहऱ्याने उभी राहिली. मग हळूच नवऱ्याला म्हणाली, "त्या गावात माझा भाऊ गेला."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासून."

तिने ओटीतला नारळ खुर्चीवर ठेवला आणि दाराकडे निघाली. अध्यक्षांना यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी कौतुकाने घरमालकांच्या हातात माईक दिला, दोन शब्द बोला म्हणाले.

"थांब," ते माईकमध्ये म्हणाले. पुन्हा म्हणाले, "थांब."

ती थांबली नाही.