‘जातो’ म्हणणाऱ्या पार्बताबाई

“भाऊ, माय गेली,” माझ्या भावाला सांभाळणाऱ्या पार्बताबाईंची मुलगी शालू फोनवर म्हणाली आणि मी विचारलं, “कुठे?” पलीकडून हुंदका आला, तेव्हा कळलं. सहा आठवडे झाले, तो प्रश्न अजून टोचतो. पण आमच्या घरात ‘बाई गेली’ हे रोजचं वाक्य होतं, आणि ते रोजचं बाईंनीच केलं होतं.

माझा धाकटा भाऊ सुधाकर एक्केचाळीस वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे. मोजके शब्द बोलतो आणि शब्दाचा जो अर्थ तोच धरतो. आमचं घर अर्जुनी मोरगावजवळच्या एका खेड्यात. मी गोंदियाला कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. आई दवाखान्यात निघाली तेव्हा रीतीप्रमाणे “येते रे सुधा” म्हणाली आणि परत आली नाही. सुधाला आम्ही तिचं शेवटचं दर्शनही घेऊ दिलं नाही. घाबरेल म्हणून. “आई येईल,” असं मीच त्याला सांगितलं. त्यानंतर कितीतरी महिने तो ओसरीच्या पायरीवर बसून असे, आणि मी त्याला हट्टी म्हणत असे.

त्याच्यासाठी मी गोंदियाहून एक माणूस ठेवला. फोनवर तो सांगायचा, “अब तो एकदम शांत रहता है, भैया.” एकदा न कळवता गेलो. टीव्ही मोठ्याने सुरू, खोलीला बाहेरून कडी, आणि आत कोपऱ्यात कानांवर हात दाबून बसलेला सुधा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही... ती कडी मीच बसवून घेतली होती. तो तलावाकडे जाईल या भीतीने. त्या दिवशी मी कडी उघडली, टीव्ही बंद केला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलो. तो माणूस पुढे चार महिने राहिला. ती शांतता माझ्याही सोयीची होती.

मग पार्बताबाई आल्या. साठीच्या, जन्मभर धानाच्या रोवणीला गेलेल्या, कसलंही शिक्षण नसलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, मागितला आणि कडी उखडली. “माणूस आहे न हा, भाऊ? कोंबडा थोडी आहे डालायले!” मी म्हटलं, तलावाकडे गेला तर? “मंग मीबी जाईन संगं.” आणि रोज सकाळी दोघं तलावापर्यंत जाऊन येऊ लागली. कुकरच्या शिटीने तो दचकतो हे कळल्यावर त्या भात गंजात, साध्या पातेल्यात, शिजवू लागल्या. नखं कापताना तो ओरडायचा, म्हणून दिवसाला एकच बोट. आंघोळीआधी टॉवेल दाखवायच्या, तो उठेपर्यंत थांबायच्या, आणि स्वतः दाराबाहेर पाठ करून उभ्या राहायच्या. “बाप्या माणूस आहे तो,” म्हणायच्या. चाळिशीला आलेल्या भावाला मीसुद्धा तोवर लेकरासारखं दारं उघडी टाकून आंघोळ घालत होतो.

एका रविवारी मी निघताना नेहमीसारखं “येतो रे सुधा” म्हटलं. तो जाऊन पायरीवर बसला. बाई माझ्यामागे फाटकापर्यंत आल्या.

“भाऊ, खोटं कायले बोलता?”

“काय खोटं बोललो?”

“येतो म्हणता न् निंगून जाता. तो वाट पाहून राहते न! रातच्याले जेवत नाई तुमच्या पायी.”

इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळपासून बाई घरी जाताना स्वतःचा पितळी पेला खिडकीत पालथा घालायच्या आणि स्पष्ट सांगायच्या, “जातो, सुधाभाऊ. उद्या येईन.” बाईंच्या बोलीत बायकाही स्वतःबद्दल ‘जातो-येतो’ असंच बोलतात. सकाळी बाई यायच्या आधीच सुधा तो पेला सरळ करून ठेवी. शेजारच्या खणात राहणारी, रात्री त्याला सोबत करणारी आमची काकू चिडायची. “दिवेलागणीले ‘जातो’ म्हणते, कसी बाई आहे वो तू!” बाई हसायच्या. “मी तं रोज जातो न् रोज येतो, काकू. हे तुमचे ‘येतो’वाले दिवाळीले दिसतात.” तो टोला मला होता, आणि बरोबर बसला. सुधाचं पायरीवर बसणं मात्र थांबलं.

बाई वारल्या त्याच्या आदल्या संध्याकाळीही तसंच म्हणाल्या होत्या. पहाटे छातीत कळ आली आणि संपलं. मी पोहोचलो तेव्हा पेला खिडकीत सरळ उभा होता आणि सुधा पायरीवर. सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. काकू डोळे पुसत म्हणाली, “सांग त्याले, गावाले गेली म्हणून. येईल म्हणा.” मला ते वाक्य ओळखीचं होतं. आईच्या वेळी ते माझंच होतं.

मी त्याच्याशेजारी बसलो. “सुधा, बाई गेली. मेली. उद्या येणार नाही. कधीच येणार नाही.” त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याला हाताला धरून बाईंच्या घरी नेलं. गर्दी होती, रडारड होती. त्याने कान दाबले, पण तो मागे फिरला नाही. शालूने सगळ्यांना गप्प केलं. सुधा बाईंच्या उशाशी बसला, एका हाताने त्यांची बोटं एकेक करून चाचपली आणि उठला. घरी आल्यावर त्याने स्वतःच पेला पालथा घातला. मग भात मागितला.

आता शालू येते. जाताना तीही ‘जातो’ म्हणते, आईच्याच सुरात. मी खिडकीत माझा स्टीलचा पेला ठेवला आहे. रविवारी निघताना तो पालथा घालतो. “जातो, सुधा. शनिवारी येईन.” पहिल्या दोन शनिवारी मी आलो, तेव्हा तो तसाच पालथा होता. बाईंवर जो विश्वास बसायला एक रात्र पुरली, तो माझ्यावर एवढ्यात कसा बसावा?

परवाच्या शनिवारी गाडी उशिरा आली. दुपार टळली होती. सुधा आत जेवत होता, पायरी रिकामी होती. खिडकीत बाईंचा पितळी पेला पालथा होता, आणि त्याच्याशेजारी माझा... सरळ.