सुवर्णा, माझं नाव का घेतलंस?

सुवर्णा खोटारडी होती.

आज तिला जाऊन वर्ष झालं आणि पहिलं वाक्य मी हे लिहितेय. ज्यांना वाईट वाटेल त्यांना वाटू दे. मला वर्षभर वाटतंय.

खालच्या फोटोत चिखलाने भरलेल्या दोन बाया दिसतात ना, त्यातली दात काढून हसणारी ती. कमरेवर हात ठेवून धापा टाकणारी मी.

आमची ओळख महाड कॉलेजच्या कबड्डी टीममधली. ती कापडे गावची, मी तुडीलची. ती रेडर, मी डिफेन्सला.

पुढे मी शाळेत शिकवायला लागले, लग्न झालं, नवरा कुवेतला गेला. तिने लग्न केलं नाही. पोलादपूरला लेडीज टेलरिंगचं दुकान टाकलं. माझा प्रत्येक ड्रेस तिच्या हातचा.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तिचा फोन आला.

"शबाना, पोलादपूरच्या पुढं चिखलाची रेस हाय. जोडीनं पळायचं. मी आपलं नाव दिलंय."

"वेडी आहेस का? आपलं वय काय, माझं वजन काय!"

"आई बोलली, शबाना संगती असंल तरच जा. आता तूच नाय म्हणालीस तर माझं कॅन्सल."

मला वाटलं, आईची नेहमीची काळजी. पोरगी एकटी जाऊ नये, एवढंच.

रेसवाल्यांचा टी-शर्ट मी घालणार नाही हे तिला न सांगता माहीत होतं. तिने माझ्यासाठी लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा टॉप शिवून आणला. घट्ट बसणारा स्कार्फ पण.

लावणी न केलेल्या शेतात त्यांनी सगळं मांडलं होतं. आधी टायर, मग काथ्याच्या जाळीखालून सरपटत जायचं, मग ओढा, शेवटी फळ्यांची उंच भिंत.

मी आयुष्यात एवढी हसले नव्हते. जाळीखाली माझा स्कार्फ अडकला तर ती मागून ओरडते कशी, "अगो, म्हशीवानी काय लोळत्येस, पुढं सरक!"

ओढा ओलांडला आणि ती बांधावर बसली.

"काय झालं?"

"बूट अडकला गो. थांब जरा."

बूट तिच्या पायातच होता. मी बघितलं. पण मला वाटलं, दमली असेल, कबूल करायची लाज वाटत असेल.

तिचे ओठ निळे पडले होते का? मला नाही माहीत. तोंडभर चिखल होता. रंग कसा दिसणार?

भिंतीपाशी ती म्हणाली, "तू आधी चढ. मग मला वर ओढ."

कॉलेजात कुणाच्याही आधी पुढे घुसणारी ती. मला म्हणाली, तू आधी.

मी चढले. दोन्ही हातांनी तिला ओढून घेतलं. ती वर आली, फळीवर आडवी पडली आणि हसत सुटली. तो हा फोटो.

दिवाळीच्या आधी ती गेली.

हार्टचा व्हॉल्व खराब होता. रेसच्या आधीच मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, तोवर धावपळ बंद. तारीखही मिळाली होती. त्याआधीच एका सकाळी संपलं.

हे मला कधी कळलं? ती गेल्यावर. कापड्याला, तिच्या दारात.

मी धावत गेले तर तिच्या आईने माझा हात झटकला.

"तुला सगळं म्हाईत होतं ना गो? ती बोलली व्हती, शबानाला डॉक्टरचं सगळं सांगितलंय, ती सांभाळील मला. तुझ्या भरवशावर धाडली मी तिला."

मला काही माहीत नव्हतं. एक अक्षर नाही.

पण पोरगी आत निजवलेली असताना आईला कसं सांगायचं, की तुमची मुलगी खोटं बोलली? मी गप्प बसले. ते गप्प बसणं त्यांनी कबुली समजलं.

रेसमुळे गेली असं कुठलाही डॉक्टर म्हणाला नाही. पण गावाला डॉक्टर लागत नाही. बाजारात तिची चुलती समोर आली की रस्ता बदलायची. तिच्या तेराव्याला मला निरोप नव्हता.

घरी मी एकटीच भांडायचे. सुवर्णा, तू मला विचारलं का नाहीस? मी नाही म्हणाले असते म्हणून? मग माझंच नाव का घेतलंस?

गेल्या आठवड्यात मी कापड्याला गेले. राहवेना.

आई पडवीत भिजवलेले वाल सोलत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी बसले.

"आई, मला काहीच माहीत नव्हतं. तिने मला सांगितलं नव्हतं. माहीत असतं तर मी तिला बांधून ठेवली असती."

त्या सोलत राहिल्या. मला वाटलं, ऐकलंच नाही.

मग म्हणाल्या, "कायच नाय सांगितलं?"

"मला म्हणाली, आईने परवानगी दिलीय."

त्यांचे हात थांबले.

"म्हंजे दोघींनाबी गंडवलं रांडेनं," असं म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून ओक्साबोक्शी रडायला लागल्या.

मी पण.

बऱ्याच वेळाने त्यांनी वालाची परात आमच्या दोघींच्या मधे सरकवली. "मी वरीसभर तुला..." एवढंच बोलल्या. मी म्हटलं, राहू दे आई. जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही.

सुवर्णा, तुला एकदा मनासारखं पळायचं होतं. कळतं मला. माफ मात्र अजून करता येत नाही.

भावपूर्ण वगैरे लिहायला हात होत नाही आज. तुझ्यावर रागावलेलीच आहे.

पण जिथे असशील तिथे बरी राहा गो.

तुझी शबाना