जावईबापूंचा बिट

आमच्याकडं जावयाला नाही म्हणायची पद्धत नाही. जावई म्हणाला सूर्य मावळतीला उगवतो, तर सासरच्यांनी मुकाट्यानं अंगणातली खाट फिरवून ठेवायची. एरवी मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझ्या मोसंबीच्या मुळावर आलं तेव्हा मात्र लई वाटलं.

गेवराईकडं नदीकाठच्या आमच्या रानात मोसंबी लावली ती माझ्या हट्टानं. नवरा कापूस म्हणत होता, मी अडून बसले. पोटच्या लेकरासारखी झाडं वाढवली. पहिल्यांदा फळ धरलं आणि नेमका त्याच उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला. बोअरला पाणी लागलं तर झाडं जगणार, नाहीतर चुलीत जाणार.

आमचं रान म्हणजे वर काळी माती, खाली पिवळी चिकण, त्याखाली वाळू. खडा औषधाला मिळायचा नाही. अशा मऊ जमिनीत बोअर कसा घ्यावा हे गावातलं शेंबडं पोरगं सांगेल. पात्यांचा बिट, म्हणजे यंत्राचं कापणारं तोंड, लावायचा, गढूळ पाणी सोडत सोडत माती कापत जायचं, म्हणजे भोकाच्या कडा ढासळत नाहीत. हवेवर चालणारा हॅमर आणि त्याचा टणक धातूच्या बटणांचा बिट खडक फोडायला असतो. आमच्या रानात त्यानं फोडायचं काय, कपाळ?

पण धोंड्याचा महिना लागला आणि नणंद-दाजी जेवायला आले. दाजी शिरूर कासारकडचे. तिकडं कुदळ मारली की ठिणगी उडते. दाजींनी तिकडं चार लोकांचे बोअर घेऊन दिलेले, त्यामुळं पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज होता, आणि सासूबाईंचा त्याहून मोठा.

"हॅमरच लावायचा," पुरणावर तूप ओतून घेत दाजी म्हणाले. "पात्यानं काय व्हतंय? पातं म्हंजे बायकांचं काम. भाजी चिरायला."

मी म्हणलं, "दाजी, आपल्या रानात खडक न्हाई."

"वहिनी, खडक समद्या दुनियेत आसतोय. खोल जायची हिंमत पायजे."

मी नवऱ्याकडं बघितलं. शेजारच्यांचा बोअर पात्यानं घेतला तेव्हा हा माणूस दिवसभर स्वतः उभा होता, त्याला सगळं ठाऊक होतं. तो खाली मान घालून कुरडई मोडत बसला.

हॅमरची गाडी आली. दाजींनी नारळ फोडला, गंध लावून घेतलं, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आवाज तर असा की म्हशींनी दावी तोडली. पण हॅमरला मारायला काही लागेना. चिकणमातीनं बिटाची हवेची भोकं बुजली, वरून वाळू ढासळली आणि बिट जो रुतला तो रुतला. गाडीवाल्यांनी निघाले तेवढे पाइप काढले, हॅमर जमिनीतच सोडला आणि आमच्या नावानं बोटं मोडत ते निघून गेले. तो हॅमर अजून तिथंच आहे.

आता पात्याची मशीन बोलवायची एवढंच उरलं होतं. पण जावयाच्या डोळ्यादेखत? म्हणजे त्याला तोंडावर खोटं पाडणं. तेव्हा ठरलं, जावई गेले की बोलवू. आणि जावई जाईनात! "काम आर्धं टाकून कसा जाऊ?" म्हणाले, आणि दुसरी हॅमरची गाडी शोधत खाटेवर पडून फोन लावत बसले. मी रोज नवं गोडधोड करायची, आणि तिकडं झाडांची पानं वळत चालली. देवा, कुणाला जावई देऊ नको, दिलास तर त्याला घाई दे, असं मी रोज म्हणायची.

हंड्यानं पाणी नेऊन मी झाडांना घालत होते. एका दुपारी सासूबाई मागोमाग आल्या. त्यांनी एक हिरवं फळ नुसतं चाचपलं, तर ते हातात गळून आलं. माझा तोल गेला. "आत्या, तुमच्या जावयाचा मान ऱ्हाऊ द्या आन् माझी झाडं मरू द्या!" असं ओरडले आणि तिथंच बसून रडले.

त्या तडक घरी गेल्या. जन्मभर दाराआडून जावयाशी बोलणारी बाई त्या दिवशी खाटेपुढं जाऊन उभी राहिली. पदर सारखा केला.

"जावईबापू, तुमी आता निघा. आमाला पात्याची मशीन आणायची हाय."

नणंद आतून धावत आली. "आई, काय बोलतीस तू?"

"खरं तेच बोलती."

दोघं भरल्या ताटावरून उठल्यासारखी गेली. पात्याच्या मशीननं दुसऱ्याच दिवशी पाणी दिलं. वाळूतलं, गार, गोडं पाणी. नवऱ्यानं आता नारळ फोडला आणि आपण आधीपासून हेच म्हणत होतो असं गावात सांगितलं. झाडं जगली.

पंचमीला नणंद आली नाही. दिवाळीलाही आली नाही. "कामं आसतील," सासूबाई म्हणायच्या.

दिवाळीनंतर पहिली तोड झाली. सासूबाईंनी एकेक फळ पारखून पिशवी भरली आणि नवऱ्याला शिरूरला धाडलं. संध्याकाळी तो पिशवी घेऊन परत आला. नणंदेनं घेतली नव्हती.

सासूबाईंनी पिशवीची गाठ सोडली, एक मोसंबी सोलली आणि फोडी माझ्या हातावर ठेवल्या.

"गोड हाय का गं?"

"लई गोड हाय, आत्या."

"मग खा," त्या म्हणाल्या. "तिनं न्हाई तर तू तरी खा."