डाव्या सीटवरचे दोन सीझन

खाणीवरच्या लाल धुळीची एक खोड आहे. नोकरी सुटून वर्षं झाली, रोज साबण लावून अंघोळ केली, तरी कधीतरी कानात बोट घालावं तर नखाला लाल लागल्यासारखं वाटतं. खाणीवरच्या किश्श्यांचंही तेच. संपले म्हणावं तर आणखी एक निघतो.

आता मी मोपाच्या विमानतळावर टॅक्सी लावतो. गिऱ्हाईक येईपर्यंत आम्ही पाचसहा जण सावली धरून उभे असतो. नवी पोरं कुरकुरत असतात, कुणाच्या बंपरला ओरखडा, कुणाचा एसी बंद. मग मी दिचोलीच्या खाणीवरचं काहीतरी सांगतो आणि ती हसतात. त्यांना नेहमी एकच ऐकायचं असतं, की काका, तुम्ही पक्के ड्रायव्हर कसे झालात. तो किस्सा मी शेवटी ठेवतो.

*

गोवा राज्य होऊन तीनचार वर्षं झाली असतील. मी बांद्याकडचा. हेवी लायसन्स खिशात घालून दिचोलीला आलो आणि एका ट्रक कंपनीच्या ऑफिसात जाऊन उभा राहिलो. खाणीवरून माल भरायचा, नदीवरच्या जेटीवर नेऊन ओतायचा, तिथून तो बार्जमध्ये जायचा. एवढंच काम. मला वाटलं, उद्यापासून स्टिअरिंग हातात!

सुपरवायझरनं लायसन्स उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं. "लायसन्स सरकारान दिलां," तो म्हणाला, "ट्रक आमचो."

कंपनीचा नियम असा, की नवा माणूस एक सीझन, म्हणजे पाऊस संपल्यापासून पुढचा लागेपर्यंत, जुन्या ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला बसणार. तोवर तो 'कच्चो'. कच्च्यानं चालवायची ती फक्त रिकामी, परतीची गाडी, आणि त्यात काही झालं तर दोष शिकवणाऱ्याचा. सीझन संपला की शिकवणारा सांगणार, पक्को की कच्चो. त्याच्या शब्दावर अपील नाही.

मला मिळाले सगुणबाब. पन्नाशीचा उंच, वाळका माणूस. वीस वर्षं गाडीला ओरखडा नाही, असं त्यांचं नाव. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस.

*

पहिल्या दिवशी गाडी गेटबाहेर पडली आणि सगुणबाबनी विचारलं, "सांग, कितें दिसता?"

मी म्हटलं, रस्ता.

"रस्तो म्हाकाय दिसता. रस्त्यार कितें आसा तें सांग."

झालं! त्या दिवसापासून माझी टकळी सुरू झाली. उजवीकडे दोन म्हशी, एक आपल्याकडे तोंड करून. पुढे रिकामा ट्रक. शाळेची पोरं पाच. कुत्रा. भिंतीवर काही लिहिलेलं दिसलं तर तेही वाचायचं. भाषेच्या भांडणातल्या घोषणा तेव्हा अजून पुसट दिसत होत्या, अर्ध्या मराठीच्या बाजूनं, अर्ध्या कोंकणीच्या. मला वाटायचं, हा माणूस माझा कल काढून घेतोय. म्हणून मी दोन्ही सारख्याच आवाजात वाचायचो.

बाकीच्या कच्च्यांचे शिकवणारे गियर, क्लच, ब्रेक यावर शिव्या घालायचे. माझे फक्त 'कितें दिसता' विचारायचे. मला इतकी सवय झाली, की खोलीवर जेवायला बसलो तरी मी म्हणायचो, उजवीकडे भात, डावीकडे आमटी. खोलीतली पोरं पोट धरून हसायची.

पण एक कबूल करतो. रस्ता बघायला मला त्यांनीच शिकवलं. दहा वाजता ते पावाचा डबा उघडत आणि अर्धा पाव न विचारता माझ्या हातात ठेवत. माझे वडील लहानपणीच गेलेले. त्या अर्ध्या पावाचं मला फार वाटायचं.

*

माझ्याबरोबर पेडण्याचा गजा लागला होता. खाणीतली निकामी माती जिथं ओततात, तिथं गाडी मागे घेत अगदी कड्यापर्यंत जावं लागतं. मागे एक माणूस उभा राहून गाडीच्या अंगावर हाताची थाप मारतो. दोन थापा म्हणजे ये, एक म्हणजे थांब. शिकवणारा खाली उतरला होता आणि गजा एकटाच रिकामी गाडी तिथं वळवायला गेला. मागचा माणूस पाणी प्यायला गेला होता. गजा थांबायच्या थापेची वाट बघत मागे आला, आणि आलाच.

त्याला वर काढायला दुपार झाली. धुळीनं त्याचा चेहरा इतका माखला होता, की त्याच्या भावानं हातातलं घड्याळ बघून ओळखलं.

तिसऱ्या दिवशी गजाच्या जागी नवा माणूस आला. त्याच्याकडे गमबूट नव्हते. सुपरवायझरनं स्टोअरमधून एक जोडी आणून त्याच्यापुढे टाकली. नव्यानं विचारलं, हे कुणाचे?

"पायांक बसता मरे?" सुपरवायझर म्हणाला. "मागीर जालें." म्हणजे मग झालं.

बसले.

*

आमच्या रस्त्यावरच्या गावात एक म्हातारी होती. एकदा सकाळी तिनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून आमची गाडी अडवली. मागे वीस ट्रक खोळंबले. तिच्या हातात नातवाचा शाळेचा शर्ट होता, धुऊन दोरीवर वाळत घातलेला. धुळीनं तो विटेसारखा लाल झाला होता.

तिनं तो सगुणबाबच्या खिडकीपुढे धरला. "हो शर्ट खंयच्या रंगाचो, सांग पळोवंया."

सगुणबाबनी शर्टाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "धवो." म्हणजे पांढरा.

मागचे ड्रायव्हर खिदळले. काय पण माणूस, म्हातारीच्या तोंडावर लालाचा पांढरा करतो! म्हातारीनं तो शर्ट त्यांच्या तोंडावर मारला आणि बाजूला झाली.

मीसुद्धा हसलो होतो. सगुणबाब मात्र हसले नाहीत. त्यांनी शर्ट हातानं चाचपला, घडी करून समोर ठेवला आणि परतीच्या फेरीत मला तिच्या दारात नेऊन द्यायला लावला.

*

पावसाच्या आधी कंपनीनं ड्रायव्हरांचे डोळे तपासायला डॉक्टर बोलावला. ऑफिसच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. रांगेत सगुणबाब मुद्दाम माझ्या मागे उभे राहिले.

माझा नंबर आला. डॉक्टरसमोर मी घाबरलो आणि वरून चौथी ओळ सोडून एकदम पाचवीवर गेलो. डॉक्टर हसला, चालेल म्हणाला, पुढचा.

पुढे सगुणबाब. खणखणीत आवाजात त्यांनी पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली, तिसरी म्हटली. आणि चौथी सोडून पाचवी म्हटली.

डॉक्टर कागदावर सह्या करत होता. त्यानं दोघांनाही पास केलं.

मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. म्हशी, पोरं, कुत्रा, भिंतीवरच्या घोषणा, पांढरा शर्ट, सगळं एकदम ध्यानात आलं. हा माणूस मला शिकवत नव्हता. माझ्या डोळ्यांनी गाडी हाकत होता.

*

तुम्ही म्हणाल, लगेच सांगायला हवं होतंस. हो, हवं होतं. पण वीस वर्षांच्या ड्रायव्हरविरुद्ध कच्च्याचं कोण ऐकणार? आणि खरं सांगू, तो अर्धा पाव मध्ये यायचा. मी ठरवलं, सीझन संपतोच आहे, आपण पक्के होऊ आणि सुटू. सुटल्यावर त्यांच्या शेजारी कोण बसेल, हा विचार मी केला नाही.

माझं तेव्हा मांद्र्याच्या एका मुलीशी जमत आलं होतं. तिच्या वडिलांची एकच अट होती, की मी पक्का ड्रायव्हर व्हावं, मग बोलणी.

सीझन संपला. सुपरवायझरनं सगुणबाबना माझ्यादेखत विचारलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आनी एक सीझन बसूं दी. कच्चो आसा."

माझ्याबरोबरचे सगळे पक्के झाले. गजाचे बूट घालणारासुद्धा! मी पाऊसभर गावी बसलो आणि दुसऱ्या सीझनला पुन्हा त्यांच्या डाव्या बाजूला आलो. पुन्हा म्हशी, पुन्हा पोरं. त्यांना आता जवळचंही कमी दिसायचं. डब्याचं झाकण ते चाचपून उघडायचे, आणि तरी अर्धा पाव माझा असायचाच.

दुसरा सीझन संपत आला तेव्हा सुपरवायझरनं मला बोलावून सांगितलं, सगुणबाब अजून कच्चाच म्हणतात. त्याच आठवड्यात मांद्र्याहून निरोप आला. मुलगी मोरजीला दिली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत बसलो आणि ठरवलं, आज तोंड उघडायचं नाही.

माल भरून आम्ही निघालो. गेटबाहेर त्यांनी विचारलं, "सांग, कितें दिसता?"

मी गप्प.

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यांनी वेग कमी केला, मान पुढे काढली, पण थांबले नाहीत. मागून दुसऱ्या ट्रकचा हॉर्न वाजला आणि त्यांनी वेग पुन्हा वाढवला. गावाच्या वळणावर रोज मिंगेल पदेर भेटायचा, सायकलवर पावाची टोपली, हातात भोंपू. भोंपू ऐकला की सगुणबाब आपणच बाजूला घेत. त्या दिवशी भोंपू वाजला नाही. मिंगेल सायकल टेकवून एका घराच्या फाटकाशी पाव मोजून देत होता.

मला तो दिसला होता. चांगला दिसला होता. बोलायला तोंड उघडलं तेव्हा उशीर झाला होता.

गाडी थांबली. धूळ इतकी उडाली, की काही दिसेना. सगुणबाब उतरले आणि भलत्याच बाजूला तोंड करून उभे राहिले. "कितें जालें?" ते म्हणाले. "पुता, सांग मरे, कितें दिसता?"

मी सांगितलं. सायकल. टोपली. रस्ताभर पाव. मिंगेलचा पाय चाकाखाली. जिवंत आहे, डोळे मिटलेले आहेत.

लोक धावले. मिंगेलला उचलून दवाखान्यात नेलं. त्याचा पाय पुढे गुडघ्यापासून कापावा लागला. सुपरवायझरची जीप आली तेव्हा धूळ खाली बसली होती आणि आम्ही दोघे गाडीपुढे उभे होतो.

सुपरवायझरनं विचारलं, "कोण चलयतालो?"

सगुणबाबचा हात हवेत फिरला, माझा खांदा सापडला, आणि तिथंच राहिला. "हो," ते म्हणाले. म्हणजे हा.

"भरिल्ली गाडी? पूण हो कच्चो न्हय?"

"न्हय," सगुणबाब म्हणाले. "पक्को आसा. कालूच पक्को जाला."

सुपरवायझरनं माझ्याकडे बघितलं. रस्त्यावर पाव पडले होते, त्यांवर लाल धूळ बसली होती.

मी म्हटलं, हो.